घनता लिहिता, तसा टक्काही लिहा

प्रति,
मा. अधिकारी, पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्रालय, नवी दिल्ली
तसेच सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांचे विक्री अधिकारी

विषय : पेट्रोल पंपाच्या मशीनवर इथेनॉलचं प्रत्यक्ष प्रमाण लिहिण्याबाबत

महोदय,

नाशिकला सातपूरमध्ये माझं गॅरेज आहे. सोमवार ते शनिवार लोकांच्या गाड्यांचे क्लच आणि इंजेक्टर बघतो. त्यातून उरलेले पैसे आणि रविवार एका २००२ सालच्या होंडा सिटीवर जातात. दीड लिटरचं व्हीटेक इंजिन, कंपनीतून निघालं तेव्हा १०६ हॉर्सपॉवरचं. त्यावर मी टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवलाय. मागची सीट काढली, एसी काढला, त्यामुळे बायकोही बसत नाही. ही गाडी फक्त सरळ पळते. ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, आणि तेही स्पर्धेच्या धावपट्टीवर, हेल्मेट घालून.

हे आधीच सांगतो, कारण रेसिंग म्हटलं की साहेब लोकांच्या डोळ्यांसमोर रात्री बारा वाजता गंगापूर रोडवर सायलेन्सर फोडत जाणारी पोरं येतात. त्यांची गाडी माझ्याकडे आली तर मी पहिल्यांदा तो सायलेन्सर बदलून देतो. त्यातली काही मला मामा म्हणतात, त्यामुळे कान धरायचा हक्क आहे.

दुसरं म्हणजे हे पत्र इथेनॉलच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतात त्या मद्यार्काच्या, विरोधात नाही. तसलं पत्र तुमच्याकडे रोज पोतंभर येत असणार. माझ्याकडे येणारं निम्मं गिऱ्हाईक इथेनॉलच्या नावानं बोटं मोडत येतं. मायलेज गेलं तर इथेनॉल, बॅटरी उतरली तरी इथेनॉल! मी मात्र ड्रॅग रेसिंगवाला आहे, आणि ड्रॅग रेसिंगवाल्याला इथेनॉल म्हणजे देवानं दिलेलं इंधन आहे. माझी तक्रार एवढीच आहे की हा देव किती टक्के आलाय ते मला पंपावर कुणी सांगत नाही.

आधी मला ते का आवडतं, ते सांगतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून मायलेज पडतं, हे खरंच आहे. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातही लिहिलंय की जुन्या पद्धतीच्या चारचाकींना ई२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, मायलेजमध्ये सहा-सात टक्के फटका बसेल. पण इंजिनाची ताकद टाकीवर नसते साहेब, हवेवर असते. सिलिंडरमध्ये हवा किती कोंबता येते, त्यावर सगळा खेळ. एक किलो हवेला पेट्रोल लागतं साधारण ६८ ग्रॅम आणि इथेनॉल लागतं १११ ग्रॅम. जास्त लागतं, पण त्या एक किलो हवेतून निघणारी ऊर्जा दोघांची जवळजवळ सारखी, इथेनॉलची किंचित जास्तच. आता ४०२ मीटरच्या धावेत मायलेज कोण विचारतंय? अख्ख्या धावेला लिटरभरही इंधन लागत नाही.

त्यावर दोन वरकमाया. एक, इथेनॉल वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, वजनाला वजन पेट्रोलच्या सुमारे अडीचपट. त्यात इंधनही जास्त जातं, म्हणजे त्याच हवेमागे थंडावा जवळपास चौपट. एप्रिलच्या दुपारी, टर्बोनं तापवलेली हवा इंजिनात शिरताना ही गोष्ट सोन्याच्या भावाची. दुसरी कमाई ऑक्टेनची, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याच्या ताकदीची. बीएस-६ चं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, ई२० चा ऑक्टेन ९५ च्या आसपास जातो, हे तुमच्याच मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात सांगितलंय. ऑक्टेन वाढला की स्पार्क थोडा आधी देता येतो, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, थोडा वाढवता येतो, आणि इंजिन नॉक करत नाही, म्हणजे इंधन अवेळी भडकून आतून ठोके बसत नाहीत. १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, पण लिटरला दीडशेच्या पुढे. इथे तर साध्या नोझलमधून चार ऑक्टेन जवळपास फुकट मिळाले. मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

आणि मग पिस्टन फुटला.

२०२४ च्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा नाशिकमध्ये काही पंपांवर ई२० यायला लागलं होतं, काहींवर जुनंच चालू होतं. मी नेहमीच्या पंपावरून भरलं, मोजलं, वीस टक्के आलं. त्यावर महिनाभर खपून मॅप केला, म्हणजे इंधन किती आणि स्पार्क कधी हे गाडीच्या संगणकात बसवलं, आणि स्पार्कचं टायमिंग तीन अंश पुढे घेतलं. स्पर्धा होती दुसऱ्या जिल्ह्यात. गाडी ट्रेलरवर नेली, टाकी जवळजवळ रिकामी ठेवून, वजन कमी म्हणून. तिथल्या हायवेच्या एका पंपावर दहा लिटर भरले. मशीनवर स्टिकर होता, ‘इथेनॉल मिश्रित पेट्रोल’. बरोबर. मिश्रित तर होतंच.

पहिली धाव बरी गेली. हवा-इंधनाच्या मिक्स्चरचं मीटर बघितलं तर गाडी थोडी रिच, म्हणजे इंधन जास्त असलेली, म्हणून मी निश्चिंत. लीन झाली, म्हणजे इंधन कमी पडलं, की इंजिन जातं, रिच झाली की फार तर धूर होतो, हे आम्हा लोकांचं पाठांतर. दुसऱ्या धावेला तिसऱ्या गिअरमध्ये डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला, मग ताकद गेली, आणि मागे निळा धूर. पॅडॉकमध्ये प्लग खोलले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सलीनवर खसखशीएवढे चंदेरी ठिपके होते. मेकॅनिक माणसाला ते ठिपके दिसले की पुढचं सांगावं लागत नाही. तो पिस्टनचा ॲल्युमिनियम असतो. हेड खोलल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली भिंत तुटलेली सापडली.

टाकीत उरलेलं पेट्रोल मी घरी आणून मोजलं. कसं मोजतो ते सविस्तर सांगतो, कारण माझ्या मागणीचा सगळा मुद्दा त्यात आहे. शंभर मिलिलिटरची काचेची मोजनळी घ्यायची, शाळेच्या प्रयोगशाळेत असते ती. तिच्यात दहाच्या रेषेपर्यंत पाणी, पाण्यात निळ्या शाईचा एक थेंब. वर शंभरपर्यंत पेट्रोल. बूच लावून हळूहळू दहा-पंधरा वेळा उलटीपालटी करायची, मधेमधे बूच सैल करून दाब सोडायचा, आणि दहा मिनिटं ठेवून द्यायची. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याचं प्रेम जास्त. ते पेट्रोल सोडून खाली पाण्यात उतरतं आणि निळा थर वर चढतो. ९० मिलि पेट्रोलमध्ये वीस टक्के असेल तर १८ मिलि उतरणार, थर २८ च्या रेषेवर थांबणार. एखाद्या रेषेचा फरक पडतो, तेवढा सोडून द्यायचा. त्या दिवशी थर थांबला २० वर. म्हणजे दहा मिलि, म्हणजे अकरा टक्के.

माझा मॅप वीसचा, टाकीत अकरा. इथेनॉल कमी म्हणून हवा कमी पुरली आणि मीटरवर रिच दिसलं. मीटर खोटं बोललं नाही. त्याला ऑक्टेन दिसत नाही, एवढंच. पुढे घेतलेले तीन अंश त्या पेट्रोलला झेपले नाहीत.

पंपवाल्याची चूक म्हणाल तर काहीच नाही. त्यानं कायद्यात बसणारं पेट्रोल दिलं. २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात देशाची सरासरी १४.६ टक्के होती, असं सरकारी आकडा सांगतो. कुठे वीस, कुठे दहा-बारा, मिळून १४.६. पण सरासरी टाकीत भरता येत नाही. टाकीत त्या दिवशीचा टँकर उतरतो.

तुम्ही म्हणाल, आता ती भानगड मिटली, सगळीकडे वीस आहे. मान्य. जून २०२२ ला दहा टक्के झालं, फेब्रुवारी २०२३ ला ई२० सुरू झालं, आणि २०३० चं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं. वेग बघून कुणाही रेसरनं टोपी काढावी. पण याच वेगामुळे मला पुढची भीती आहे. ई२७ ची बोलणी सुरू झालेलीच आहेत. म्हणजे पुन्हा एक-दोन वर्षं अशी येणार, की नाशिकच्या एका पंपावर एक आकडा आणि चांदवडच्या टोलनाक्यापुढे दुसरा. त्या वेळी उलटा प्रकार होईल. वीसवर बसवलेल्या गाडीत सत्तावीस गेलं तर फुल थ्रॉटलला ती लीन चालेल. रोजच्या वापरातली गाडी सेन्सर बघून आपोआप थोडं सावरते. आमच्या धावेत पाय पूर्ण खाली असतो, तेव्हा बहुतेक गाड्या सेन्सरकडे बघत नाहीत, ठरलेल्या मॅपनं इंधन देतात. बारा-तेरा सेकंदांत सावरायला वेळही नसतो.

आता मागणी. तुमच्या प्रत्येक पंपावर मशीनवर त्या दिवशीची घनता लिहिलेली असते. खडूनं लिहा, स्केच पेननं लिहा, पण लिहावी लागते. ग्राहकानं मागितलं तर हायड्रोमीटर लावून दाखवावं लागतं, फिल्टर पेपर द्यावा लागतो, पाच लिटरचं माप काढावं लागतं. चांगला नियम आहे. त्या घनतेच्या शेजारी एक आकडा आणखी लिहा : आज उतरलेल्या मालात इथेनॉल किती टक्के. बस.

घनतेवरून टक्का काढता येत नाही का, असं एका सुशिक्षित गिऱ्हाइकानं मला विचारलं होतं. नाही येत. पेट्रोलची घनताच घनमीटरला ७२० पासून ७७५ किलोपर्यंत कुठेही चालते. इथेनॉलची ७८९. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की घनता थोडी वर सरकते, पण रिफायनरीच्या मालातला फरक त्याहून मोठा असतो. आणि फिल्टर पेपरवर इथेनॉलचा डाग पडत नाही, ते पेट्रोलसारखंच उडून जातं. म्हणजे ग्राहकाच्या हातात आज जी हत्यारं आहेत, त्यांतल्या एकालाही हा टक्का दिसत नाही.

तुम्हाला मात्र तो माहीत असतो. इथेनॉल पंपावर मिसळत नाहीत, डेपोत टँकर भरताना मोजून मिसळतात. आमच्याकडचा माल मनमाडजवळच्या पानेवाडीहून येतो. तिथे जो आकडा मोजला जातो, तो एवढा प्रवास करून नाशिकच्या नोझलपर्यंत का पोचत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. टँकर तर पोचतो.

पानेवाडीचं नाव घेतलं की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला आणखी एक तारीख आठवते. २५ जानेवारी २०११. मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. इथेनॉल ही भेसळ नाही, ती तुमची जाहीर योजना आहे, दोन्ही एका पारड्यात घालायचा माझा हेतू नाही. पण ‘या पेट्रोलमध्ये काय आहे’ हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात कुणी विचारला, तर त्याला हौशी माणसाची चौकशी समजून बाजूला सारू नका.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर लेबल मागणारी जनहित याचिका फेटाळली, हे मला ठाऊक आहे. मी न्यायालयात जाणार नाही, मला इथेनॉलविरहित पेट्रोल नकोच आहे. पण न्यायालयानं फेटाळलं म्हणून मंत्रालयानं स्वतःहून लिहू नये, असं काही नाही ना.

टक्का छापला की लोक आणखी बोंब मारतील, अशी भीती कदाचित तुमच्या कचेरीत असेल. माझा अनुभव उलटा आहे. गिऱ्हाइकासमोर मोजनळी धरली, निळा थर चढताना दाखवला, की माणूस शांत होतो. ‘वीसच आहे होय, मला वाटलं चाळीस टाकतात’ असं एक निवृत्त मास्तर म्हणाले होते. न दिसणाऱ्या आकड्याला काहीही म्हणता येतं.

दुसरी मागणी आमच्या लोकांपुरती, पण तिच्यामागे एक धोका आहे म्हणून लिहितो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात रेसिंगवाले ई८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन, वापरतात. ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्स मालिकेनं २००९ पासून ई८५ घेतलं, इंडीकारनं २००७ मध्येच इथेनॉलवर शर्यती घेतल्या. आमची पोरं हे सगळं मोबाईलवर बघतात. ई८५ त्यांना पंपावर मिळत नाही, मग ती कॅन शोधतात. कुणाची तरी कारखान्यात ओळख असते, कुणाची आणखी कुठे. मद्यार्क विकायचा-ठेवायचा परवाना राज्य उत्पादन शुल्क खात्याचा, तो यांच्याकडे कुठला! सिडकोतला एक पोरगा असाच कॅन घेऊन टाकीत ओतून मोकळा झाला. त्या मालात पाणी किती होतं, ते त्याला काय, विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. डिसेंबरची सकाळ, निफाडला पारा घसरलेला असतो तसले दिवस. रात्रभराच्या थंडीत टाकीत पेट्रोल वर आणि पाणी-मद्यार्क खाली, असे दोन थर झाले. गाडीतला इंधनाचा पंप खेचतो तळातून. गाडी पाच पावलं गेली आणि बसली. टाकी उतरवून मी बरणीत ओतून त्याला दाखवलं. ‘मामा, हे तर लस्सीसारखं फाटलंय,’ म्हणाला. लस्सी फाटत नाही, पण त्याला काय म्हणायचं ते कळलं.

त्याचं नशीब थोर म्हणून गाडी नुसती बसली. असल्या कॅनमध्ये मिथेनॉल असेल तर त्याची ज्वाळा दिवसाउजेडी दिसत नाही. माणूस जळत असतो आणि बाजूच्याला कळत नाही. शुद्ध इथेनॉलचीही ज्वाळा उन्हात फिकी. फायर मार्शलला गाडीत काय भरलंय, हे आधी माहीत असावं लागतं.

मार्च २०२४ मध्ये ‘इथेनॉल १००’ नावाचं इंधन दिल्लीत सुरू झालं. ९३ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल, थोडं पेट्रोल, थोडा सहविद्रावक. १८३ पंपांवर, त्यांत महाराष्ट्रही, असं तेव्हा जाहीर झालं होतं. माझ्या गॅरेजमधून जाऊन रविवारी सकाळी भरून आणता येईल, असा त्यातला पंप मला सापडलेला नाही. तसला एक पंप नाशिक शहराच्या हद्दीत ठेवा. आणि एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या महासंघाचा, स्पर्धा परवाना असलेल्या माणसाला ते सीलबंद पिंपात, टक्का लिहून, पावतीसकट मिळू द्या. ई८५ ला इंजेक्टर आणि गाडीतला इंधनाचा पंप तिसऱ्या हिश्श्यानं मोठे लागतात, इंधनाच्या नळ्या बदलाव्या लागतात, ते आमचं आम्ही बघू. त्याचा खर्च तुमच्याकडे मागत नाही. अमेरिकेत तर पंपावरच्या ई८५ मध्येही हंगामाप्रमाणे ५१ ते ८३ टक्के काहीही असतं, म्हणून तिथले रेसर स्वतः मोजून भरतात. सीलबंद पिंपावर खरा आकडा आला तर आपण त्यांच्याही पुढे जाऊ.

यात आमच्या जिल्ह्याचाही थोडा स्वार्थ आहे, लपवत नाही. माझा मेहुणा येवल्याकडे मका करतो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधनं आली आणि मक्याला मागणी चढली. मक्याच्या इथेनॉलला तुम्ही लिटरला ७१ रुपये ८६ पैसे देता. मेहुणा मला म्हणतो, तुझी गाडी माझ्या मक्यावर पळते. मी म्हणतो, किती टक्के? त्यावर तो गप्प बसतो, आणि तसे तुम्हीही.

पिस्टन फुटल्यानंतर मी गाडीत फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवला. इंधनाच्या नळीत बसतो आणि टक्क्याप्रमाणे सेकंदाला स्पंदनं देतो, शून्य टक्क्याला ५०, शंभरला १५०. ई२० ला ७०. छान चालतो. पण तो सांगतो भरल्यानंतर. मला कळायला हवं भरण्याआधी, नोझल अजून मशीनच्या खोबणीत असताना. आणि माझ्यासारखा सेन्सर त्या निवृत्त मास्तरांच्या २०११ च्या गाडीत कोण बसवणार?

पुढच्या स्पर्धेसाठी सिटीचं इंजिन पुन्हा भरलंय, मॅप अजून केलेला नाही. टायमिंग किती पुढे घ्यायचं ते तुमच्या उत्तरावर ठरवीन म्हणतो. उत्तर आलं नाही तर दोन अंश कमीच ठेवीन.

आपला,
एक गॅरेजवाला, सातपूर, नाशिक

ता. क. : हे वाचून कुणी मोजनळीचा प्रयोग करणार असेल तर उघड्यावर करा, जवळ विडी-सिगारेट, गॅस, बटण काही नको. आणि घरच्या ओट्यावर तर मुळीच नको. मी सुरुवातीला एकदा गॅस बंद आहे ना, एवढं बघून तिथे केला होता. आग लागली नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांना पेट्रोलचा वास आला आणि मोजनळी तेव्हापासून गॅरेजमध्ये राहते.